हिरव्या टेपच्या दोन तारा

बागमालक सकाळी दहाला आले आणि म्हणाले, फवारणी उद्या पहाटे पाचला. ठरली होती परवा, पण परवा पाऊस सांगितला होता. बोलताना त्यांनी टोपी काढून हातात धरली होती आणि माझ्याऐवजी पेट्यांच्या रांगांकडे बघत होते.

"तुमच्या माश्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "पण कीड काही माझ्यासाठी थांबत नाही."

"तुम्ही थांबू नका," मी म्हणाले. "आज संध्याकाळी आम्ही पेट्या काढतो."

ते गेल्यावर नणंद माझ्याकडे बघत राहिली. "काढतो म्हणालीस खरी. कशाने काढतेस? फुंकर मारून?"

मधमाश्यांच्या बेचाळीस पेट्या होत्या. बागेतला फुलोरा संपला होता, मुक्काम हलवायचाच होता. बाबा, म्हणजे माझे सासरे, पुढची जागा तयार करायला दोन दिवस आधीच छोटी गाडी घेऊन घाटापलीकडे गेले होते. तिथे खाली फोन लागत नाही. रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते वर रस्त्यावर येऊन फोन करत. एका मुक्कामाची सगळी जबाबदारी त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर टाकली होती. मुलावर नाही, मुलीवर नाही, सुनेवर. जाताना एवढंच म्हणाले होते, "पेट्या घेऊन ये. सगळ्या."

दिवसा पेट्या हलवता येत नाहीत, कारण अर्ध्याअधिक माश्या बाहेर असतात. संधिप्रकाशात त्या परततात, तेव्हा पेटीचं दार बंद करायचं आणि अंधार पडल्यावर भराभर गाडीत चढवायच्या. अंधारात उजेड लागतो, पण पांढरा उजेड दिसला की माश्या मिळेल त्या फटीतून बाहेर येतात आणि दिव्यावर, हातावर, तोंडावर बसतात. लाल रंग मात्र त्यांना दिसत नाही. म्हणून आमच्या ट्रकच्या मागे दोन लाल दिवे लावलेले आहेत. आणि मधाने भरलेली पेटी एका माणसाच्या वजनाची असते, म्हणून मागे लिफ्ट आहे, पाळण्यासारखी खालीवर होणारी लोखंडी फळी. लाल दिवे आणि लिफ्ट नसेल तर आम्ही तिघं मिळून दहा पेट्या चढवू, फार तर बारा.

त्या दिवशी लाल दिवेही चालत नव्हते आणि लिफ्टही.

कारण उंदीर. तीन आठवडे ट्रक बागेच्या शेडमध्ये उभा होता. तेवढ्यात मागच्या फळीखालच्या पत्र्याच्या डबीत उंदराने घर केलं. केबिनमधल्या बटणांकडून आलेल्या तारा आणि मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारा याच डबीत एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्याने जोड तेवढे कुरतडले होते.

दुरुस्तीला कालपासून, ज्याला सगळे करंट म्हणतात, तो आला होता. गाड्यांची वायरिंग करणारा पन्नाशीचा माणूस. खरं नाव काय ते बहुधा त्याच्या बायकोलाच माहीत असेल. तो आम्हाला सगळ्यांना 'पोरी' आणि 'भाऊ' म्हणायचा, आम्ही त्याला 'मामा'. काल मी त्याच्या शेजारी बसून डबी उघडली होती. केबिनकडून आलेल्या तारा सगळ्याच्या सगळ्या काळ्या. बाबांनी एकच मोठं बंडल आणून तेच वर्षानुवर्षं वापरलं होतं. पण प्रत्येक तारेच्या टोकाला रंगीत टेप गुंडाळलेली होती: दोन पांढऱ्या, दोन पिवळ्या, दोन लाल, दोन हिरव्या, दोन निळ्या. दिव्यांच्या बाजूची टोकं मात्र उघडीबोडकी. तिथली टेप उंदराच्या घरट्यात गेली होती.

"चला, रंग आहेत म्हणजे सोपं आहे," करंट म्हणाला होता. "पांढरी पांढऱ्या दिव्यांना, लाल लाल दिव्यांना. हिरवी म्हणजे अर्थ, अर्थिंगची, ती गाडीच्या बॉडीला. शाळेत शिकवतात ना हे?"

"शिकवतात," मी म्हणाले होते. मी खरंच म्हणाले होते, आणि आनंदानं.

आज दुपारी बारा वाजता पहिली चाचणी झाली. नवरा केबिनमध्ये, करंट मागे, मी वही घेऊन मध्ये. नणंद लिफ्टच्या फळीवर पाय सोडून चहा पीत बसली होती. फळी जमिनीपासून हातभर वर होती.

"पहिलं बटण," मी ओरडले.

पांढरे दिवे लागले. मी वहीत खूण केली.

"दुसरं. लिफ्ट."

लिफ्ट हलली नाही. लाल दिवे लागले.

"तिसरं. लाल दिवे."

आतून 'टक्' असा आवाज आला आणि सगळंच बंद पडलं. फ्यूज गेला. करंटने नवा टाकला. मी पुन्हा तिसरं बटण सांगितलं. पुन्हा टक्.

"अरे, तू बटणं बरोबर दाबतोयस ना?" मी विचारलं.

"सहा तर बटणं आहेत," नवरा म्हणाला. "पाच वर्षं दाबतोय."

बटणांवर नावं नाहीत. सगळी सारखी, काळी. ती बाबांनी ओळीनं लावली आणि क्रम त्यांच्या आणि नवऱ्याच्या बोटांत बसला. तीन वर्षांत मलाही तो पाठ झाला होता: पांढरे, लिफ्ट, लाल, पंखा, केबिनवरचा पिवळा दिवा, आणि सहावं रिकामं.

"भाऊ, बटणंच चुकतायत तुमची," करंट म्हणाला. "जोडणी रंगाप्रमाणे आहे. बघा ना, लाल तार लाल दिव्याला. यात चुकायला जागा कुठे आहे?"

"गाडी थोडी मागे घेतो," नवरा म्हणाला. "ऊन येतंय डोळ्यावर." आणि त्याने रिव्हर्स गिअर टाकला.

गाडी हलायच्या आधीच लिफ्ट वर जायला लागली. नणंद, कप आणि बशी, सगळं संथपणे वर.

"अगं बाई! अरे, वर नेतोयस तर सांगून ने रे मेल्या!"

नवऱ्याने घाबरून गिअर काढला. लिफ्ट थांबली. नणंद आमच्या डोक्यांच्या उंचीवर बसलेली. तिने आधी उरलेला चहा संपवला आणि मग म्हणाली, "आता उतरवता का, का इथेच जेवण पाठवता?"

तिला शिडी लावून उतरवावं लागलं. मी वहीत लिहिलं: दुसरं बटण, लाल दिवे. तिसरं, फ्यूज. रिव्हर्स, लिफ्ट. लिहिल्यावर ते अजूनच वेड्यासारखं दिसत होतं.

"मग काय बिघडलं?" करंट म्हणाला. "दुसऱ्या बटणाने लाल दिवे लागतात, लावा. रिव्हर्सने लिफ्ट वर जाते, न्या. आजच्या दिवस भागवा. भाऊ गिअर धरून बसतील."

"इंजिन चालू, रिव्हर्स गिअर, आणि आम्ही तिघं मागे पेटी धरून उभे," मी म्हणाले. "याचा पाय क्लचवरून सटकला तर?"

"नाही सटकणार," नवरा म्हणाला.

"चौऱ्याऐंशी वेळा नाही सटकणार? बेचाळीस वेळा वर, बेचाळीस वेळा खाली?"

नणंद म्हणाली, "मी त्याच्या मागे उभी राहणार नाही. लहानपणी सायकलवर मागे बसले होते, तेवढं पुरे."

मग करंटने डबी पुन्हा उघडली. त्याचं म्हणणं, दोन हिरव्यांपैकी एक खरी अर्थ असणार आणि दुसरी खराब. म्हणून त्याने एक बॉडीवरून काढून पांढऱ्या दिव्यांच्या परतीच्या तारेला जोडली. लिफ्ट रिव्हर्सला नको म्हणून तिची एक तार निळीवरून काढून लालला लावली. मी विचारलं, दोन्ही बदल एकदम का? एक बदलू, बघू, मग दुसरा. तो म्हणाला, "पोरी, संध्याकाळ व्हायला आली तर एकेक काय बदलत बसतेस?" दुपारचे दोनच वाजले होते, पण त्याच्या बोलण्यात दम होता, म्हणून मी ऐकलं. ही माझी दुसरी चूक; पहिली, कालचं ते 'शिकवतात'.

दुसऱ्या फेरीत लिफ्टचं बटण दाबलं की लिफ्ट नुसती टिकटिक करायची आणि तिच्याबरोबर पांढरे दिवे मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लागायचे. लाल दिवे आता कशानेच लागेनात. तिसऱ्या बटणाने फ्यूज कधी जाई, कधी जात नसे. तिसऱ्या फेरीत फ्यूज जायचा थांबला, पण पांढऱ्याचं बटण बंद असतानाही पांढरे दिवे लागू लागले. चौथ्या फेरीनंतर माझ्या वहीत चार तक्ते झाले होते आणि एकाचं दुसऱ्याशी काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

चार वाजेपर्यंत नवऱ्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

"कदाचित दुसरं लाल आणि तिसरं लिफ्ट असेल," तो म्हणाला.

"तू पाच वर्षं दाबतोयस."

"हो, पण बघून कधी दाबलं नाही ना. तू आत्ता विचारलंस म्हणून मी बघून दाबायला लागलो. बघितलं की काही आठवत नाही."

"बोलले होते मी," करंट म्हणाला, म्हणजे 'बोललो होतो' असं म्हणायचं होतं त्याला, पण तोपर्यंत त्याचंही डोकं चालेनासं झालं होतं. नणंद हसली. मग मीही हसले, आणि मग कोणीच हसलं नाही, कारण बागेच्या दुसऱ्या टोकाला बागमालक फवारणीची टाकी धुऊन पालथी घालत होते.

बाबांना फोन लावून पाहिला. लागणार नव्हता, लागला नाही.

साडेपाचला मी ठरवलं, गाडीचं काहीही होवो, पेट्या तयार करायच्या. नणंदेला जाळ्या आणि दोऱ्या घ्यायला सांगितल्या आणि मी वही घेऊन रांगांमधून निघाले. पेट्या निघण्याआधी मी यादी करते: कोणत्या पेटीत किती जुनी राणी आहे. त्यासाठी पेटी उघडावी लागत नाही. राणीमाशीच्या पाठीवर आपण रंगाचा ठिपका देतो, ती ज्या साली जन्मली त्या सालाचा रंग. मधमाश्या पाळणारे सगळीकडे हाच क्रम पाळतात: पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा. सहाव्या वर्षी पुन्हा पांढरा. आणि आमच्याकडे पेटीच्या झाकणावरही त्याच रंगाच्या टेपचा तुकडा चिकटवतात, म्हणजे बाहेरून कळतं. मी लिहीत गेले. पांढऱ्या अकरा, या वर्षीच्या. निळ्या दहा, गेल्या वर्षीच्या. हिरव्या बारा. लाल नऊ. पिवळी एकही नाही, कारण इतकी जुनी राणी आम्ही ठेवत नाही.

एका झाकणावरचा लाल तुकडा अर्धा सुटला होता. मी तो अंगठ्याने दाबला. चिकटेना. गोंद वाळून गेला होता. शेजारच्या पेटीवरचा निळा मात्र नखाने उचलला तर बोटालाच चिकटून आला.

मी त्या बोटाकडे बघत उभी राहिले. असा निळा कालच, डबी उघडताना, माझ्या बोटाला चिकटला होता.

मी ट्रककडे परत गेले. पळत गेले असं नणंद नंतर सांगायची, पण मी पळाले नव्हते, माश्यांजवळ पळत नाहीत. डबीत हात घातला आणि एकेका टेपला बोट लावून बघितलं. निळी मऊ आणि चिकट. हिरवी मऊ, पण कडा उचललेल्या. लाल कडक. पिवळी अजून कडक. पांढरीला बोट लागताच तिचा कपचा उडाला.

"मामा, हे रंग कशाचे आहेत माहितीये?"

"वायरिंगचे."

"नाही. सालाचे. पांढरी टेप सर्वांत जुनी आहे, मग पिवळी, मग लाल, मग हिरवी, मग निळी. राण्यांचा क्रम आहे हा."

करंटने माझ्याकडे, मग नवऱ्याकडे असं बघितलं, की हिला ऊन लागलंय का. "पोरी, राणीचा आणि लिफ्टचा काय संबंध?"

"काही नाही. पण ज्या साली जे बसवलं, त्या सालचा रंग त्याच्या दोन्ही तारांना आहे. एक जाणारी, एक येणारी. बाबांचा बॉडीच्या अर्थवर विश्वास नाही, ते प्रत्येक गोष्टीला परतीची तार वेगळी ओढतात. म्हणून सगळ्या दोन-दोन आहेत. हिरवी अर्थ नाहीच."

"हिरवी अर्थ नाही," करंट पुन्हा म्हणाला, जणू कोणी त्याला सांगितलं होतं की खाली म्हणजे वर.

आता फक्त एवढंच उरलं होतं, की काय कधी बसवलं. ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. सहा वाजून गेले होते. आम्ही चौघं डबीभोवती उकिडवे बसलो.

"लिफ्ट कधी बसवली?" मी नवऱ्याला विचारलं.

"बाबांची कंबर धरली त्या वर्षी."

"ती कधी धरली?"

"चार वर्षं झाली असतील."

"तीन," नणंद म्हणाली. "तुझ्या लग्नाच्या आधी दोन महिने. लग्नात ते वाकून कोणाच्या पाया पडले नाहीत, म्हणून मावशी रुसली होती."

"चार असतील गं ताई. लग्नात कुठे होती लिफ्ट?"

"माझं कपाट लिफ्टने उतरवलं," मी म्हणाले. "आणि आरसा फुटला. तीन वर्षं. म्हणजे लाल."

करंटने लाल टेपच्या दोन्ही तारा बाजूला काढल्या आणि त्यांना स्वतःच्या रुमालाची गाठ मारली.

"लाल दिवे?"

हे मलाच माहीत होतं. मी या घरात आले त्या वर्षी पेट्या चढवताना पांढरेच दिवे होते. माझ्या पापणीवर माशी चावली होती आणि चार दिवस डोळा उघडला नव्हता. पुढच्या मोसमात बाबांनी लाल दिवे लावले.

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हणाले. "हिरवी."

"लाल दिव्यांना हिरवी," करंट म्हणाला. "आणि ती हिरवी मी बॉडीला दाबली, म्हणून बटण दाबलं की फ्यूज. आणि लालला लाल दिवे लावले, म्हणून लिफ्टच्या बटणाने दिवे." तो एकेक वाक्य थांबून थांबून म्हणत होता. "मग निळी?"

"गेल्या वर्षी. रिव्हर्सचा भोंगा. यानं पाण्याची टाकी चेपली त्यानंतर बसवला."

"टाकी आधीच चेपलेली होती," नवरा म्हणाला.

"आधी ती गोल होती," नणंद म्हणाली.

"मी निळी लिफ्टला दिली, कारण पिवळी भोंग्याला लावल्यावर तेवढीच उरली होती," करंट म्हणाला. "म्हणून रिव्हर्सला ताई वर गेल्या."

पांढरी पांढऱ्या दिव्यांचीच निघाली, कारण ट्रक घेतला त्या पहिल्याच वर्षी ते बसवले होते. तो निव्वळ योगायोग होता, आणि त्या एका योगायोगाने आम्हाला दीड दिवस फसवलं होतं. पिवळ्या दोन तारांचं मात्र काही ठरेना. त्या साली काहीच बसवलं नव्हतं, असं नवरा म्हणाला. पंखा बसवला होता, असं नणंद म्हणाली. पण पंखा केबिनमध्ये असतो, त्याची तार मागे कशाला येईल? आम्ही ती टोकं गुंडाळून बाजूला ठेवली.

मी करंटला म्हणाले, "एकेक जोडू या. एक जोडली की बटण दाबायचं."

त्याने हिरव्या दोन तारा होत्या तिथून सोडवल्या आणि लाल दिव्यांना जोडल्या. "भाऊ, तिसरं बटण. आणि बघू नका, नुसतं दाबा."

लाल दिवे लागले. फ्यूज गेला नाही. करंट दिव्यांकडे असा बघत राहिला जणू ते त्याच्यावर हसतायत.

लिफ्टही दुसऱ्या बटणाने वर गेली आणि खाली आली. भोंग्यापर्यंत पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि माश्या घरी परतत होत्या. दारांशी त्यांची गर्दी झाली होती, मग ती कमी होत गेली. नणंद आणि मी दारं बंद करत सुटलो.

अंधार पडल्यावर कामाला एक लय आली. दोघांनी पेटी उचलायची, फळीवर ठेवायची, तिसऱ्याने बटण दाबायचं, नवऱ्याने वर ओढून घ्यायची. लाल उजेडात सगळ्यांचे चेहरे सपाट दिसत होते. करंटही थांबला होता, म्हणाला, जोडणी माझी आहे, मध्येच बिघडली तर उद्या तुम्ही मला नावं ठेवाल. तो न सांगता पेट्याही उचलत होता.

दहा-बारा पेट्या झाल्या असतील, तेव्हा बाबांचा फोन आला.

"काय म्हणतंय?"

मी फवारणीचं सांगितलं, उंदराचं सांगितलं, आणि मग न राहवून म्हणाले, "बाबा, ते टेपच्या रंगांचं कळलं मला. सालाप्रमाणे लावलेत ना तुम्ही? राण्यांसारखे?"

वाऱ्यातून बाबांचा आवाज आला.

"कसलं साल?"

"तारांच्या टेपचे रंग. लिफ्टला लाल, लाल दिव्यांना हिरवा..."

"अगं, खिशात जी टेप असेल ती लावली. तार सुटू नये म्हणून. त्याला कशाला पाहिजे साल?"

मी ट्रकच्या टायरला टेकले. खिशात जी असेल ती. अर्थात. बाबा दर वर्षी एकच टेप आणायचे, झाकणांवर लावायला, त्या वर्षीच्या राण्यांच्या रंगाची. वर्षभर तीच त्यांच्या खिशात असायची आणि तीच तारांना लागायची. म्हणजे माझा नियम बरोबर होता, पण तो कोणी केलाच नव्हता. की तो नियमच नव्हता आणि नुसताच बरोबर होता? एखाद्या वर्षी जुनी टेप खिशात राहिली असती तर? मी लाल दिव्यांकडे बघितलं. ते शांतपणे जळत होते. मला त्यांच्यावर आता जरा कमी विश्वास वाटायला लागला.

"आणि पिवळी?" मी विचारलं. "पिवळ्या दोन तारा कशाच्या आहेत?"

"पिवळी आहे का तिथे?" बाबा म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. मलाही माहीत नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "ते जाऊ दे. पेट्या किती झाल्या?"

"चढवतोय."

"सगळ्या आण," ते म्हणाले, आणि फोन तुटला.

साडेआठला जमिनीवर पेटी दिसेनाशी झाली. नवरा वरून म्हणाला, "झालं. निघू या?"

"मोजू दे," मी म्हणाले.

मी वर चढले आणि झाकणांवरचे तुकडे माझ्या यादीशी ताडून बघायला लागले. जमेना. यादीत चार रंग होते, समोर दोनच. लाल उजेडात पांढरा आणि लाल तुकडा सारखाच दिसत होता, आणि हिरवा आणि निळा दोन्ही काळे. एक क्षण मला वाटलं, आता माझंच डोकं फिरलं. मग लक्षात आलं, असंच होणार. लाल प्रकाशात हिरव्यानं दुसरं काय करावं? मी दोन-दोन रंगांची बेरीज केली. उजळ हवेत वीस, काळे हवेत बावीस. मोजले: उजळ वीस. काळे एकवीस.

पुन्हा मोजले. एकवीस.

"एक राहिली," मी म्हणाले.

"कुठे राहील?" नणंद म्हणाली. "मी सगळ्या रांगा फिरले. तूही फिरलीस. सगळीकडे नुसत्या विटा आहेत."

"एवढी मोठी पेटी, दिसणार नाही का?" करंट म्हणाला.

मी विटा मोजायला निघाले. प्रत्येक पेटीखाली चार विटा असतात. पहिली रांग, दुसरी, तिसरी. तिसऱ्या रांगेच्या शेवटी, झाडाच्या खाली वाकलेल्या फांदीशी, माझा गुडघा कशावर तरी आपटला आणि आतून घों असा आवाज आला.

आमच्या सगळ्या पेट्या पांढऱ्या रंगवलेल्या आहेत. ही एक दुसऱ्या कोणाकडून आलेली, जुनी, गडद हिरव्या रंगाची. लाल उजेडात तिच्या जागी नुसता अंधार होता. आम्ही तिघंही तिच्या पुढून दहा-दहा वेळा गेलो होतो. जो उजेड माश्यांपासून लपण्यासाठी लावला होता, त्यानेच पेटी आमच्यापासून लपवली होती.

मी तिथेच उभी राहिले आणि हाक मारली. नवऱ्याने ट्रक मागे घेतला, भोंगा वाजला, लिफ्ट हलली नाही. बागमालक हातात बॅटरी घेऊन शेडमधून येत होते. मी ओरडून ती विझवायला सांगितली. ते अंधारात चाचपडत आले आणि पेटीच्या एका कोपऱ्याला हात लावला.

"ही शेवटची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मी टाकी भरायला घेतो."

पाच जणांनी ती फळीवर ठेवली. मी तिच्याबरोबर फळीवर चढले आणि तिला दोन्ही हातांनी धरलं. दुसरं बटण. लिफ्ट वर जायला लागली. आतल्या माश्यांची गुणगुण माझ्या तळहातांत येत होती.

"बेचाळीस?" नवऱ्याने केबिनमधून विचारलं.

"बेचाळीस," मी म्हणाले, आणि वर पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.